जुन्या कम्प्युटरसाठी मोफत आणि हलका अँटिव्हायरस कोणता? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावात कम्प्युटर दुरुस्तीचं काम करताना हा प्रश्न आठवड्यातून तीन-चार वेळा तरी कानावर येतो. विचारणारे निवृत्त मास्तर असतात, दूध संस्थेचे सचिव असतात, लग्नपत्रिका छापणारे असतात, नाहीतर ऑनलाइन फॉर्म भरून देणारी मुलं असतात. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढावं म्हणून हे पान. उत्तरं देताना माझ्या डोळ्यांसमोर आठ-दहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप आहे: ४ जीबी रॅम, साधी फिरती हार्ड डिस्क आणि विंडोज १०. तुमचं यंत्र यापेक्षाही जुनं असेल तर विंडोज ७ आणि एक्सपीचे प्रश्न आधी वाचा.

एका वाक्यात सांगा, कोणता टाकू?

विंडोज १० किंवा ११ असेल तर नवीन काही टाकू नका. विंडोजसोबत आलेला मायक्रोसॉफ्ट डिफेंडर चालू आहे ना, तेवढं बघा आणि बाकीचे अँटिव्हायरस काढून टाका.

पण डिफेंडर नुसता नावाला असतो म्हणतात, खरं का?

एके काळी खरं होतं. सुरुवातीचा विंडोज डिफेंडर फक्त हेरगिरी करणारे प्रोग्राम पकडायचा. २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने सिक्युरिटी इसेन्शियल्स हा मोफत अँटिव्हायरस दिला आणि २०१२ मध्ये विंडोज ८ आलं तेव्हा तेच काम डिफेंडरच्या नावाने विंडोजमध्येच घातलं. त्या काळात तो चाचण्यांमध्ये मागे पडायचा, आणि आपल्याकडे झालेलं मत त्या वेळचंच आहे. जर्मनीतली एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातली एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज या दोन संस्था अँटिव्हायरसच्या नियमित चाचण्या घेतात. त्यांचे निकाल फुकट वाचता येतात. गेल्या काही वर्षांत डिफेंडर तिथे नावाजलेल्या विकतच्या अँटिव्हायरसच्या बरोबरीने बसतो.

वेगाच्या चाचणीत मात्र तो दर वेळी सर्वांत हलका ठरत नाही, हेही सांगायला हवं. मोठी फाइल कॉपी करताना किंवा नवं सॉफ्टवेअर टाकताना तो जाणवतो. तरीही जुन्या यंत्रावर मी तोच ठेवतो. तो जाहिराती दाखवत नाही, वर्षाने ‘रिन्यू करा’ म्हणत मागे लागत नाही, आणि विंडोजचाच भाग असल्यामुळे अपडेटनंतर विंडोजशी भांडत नाही.

‘हलका’ म्हणजे नक्की काय? इन्स्टॉलर फक्त ३ एमबीचा आहे, तो हलकाच ना?

नाही. ती ३ एमबीची फाइल नुसती दूत असते. ती चालवली की नेटवरून खरा मोठा प्रोग्राम उतरतो. रॅम किती खातो यावरूनही पुरता अंदाज येत नाही. डिफेंडर साधारण दीडशे-दोनशे एमबी घेताना दिसतो. ४ जीबीच्या यंत्रात तेवढं सोसतं.

जुन्या यंत्रात खरा ताण पडतो हार्ड डिस्कवर. तुम्ही एखादी फाइल उघडता तेव्हा अँटिव्हायरस मध्ये उभा राहतो, ती आधी स्वतः वाचतो, आपल्या यादीशी ताडून पाहतो आणि मग तुमच्या हाती देतो. एक वर्डची फाइल असेल तर कळतही नाही. पण कम्प्युटर सुरू होताना विंडोज शेकडो छोट्या फाइली उघडत असतं, आणि लॅपटॉपमधली डिस्क बहुतेक वेळा मिनिटाला ५४०० फेऱ्यांची असते. तिचा काटा इकडून तिकडे धावून थकतो. तेव्हा टास्क मॅनेजर उघडून पाहिलं तर डिस्कच्या रकान्यात १०० टक्के दिसतात आणि प्रोसेसर मात्र निवांत असतो. आपल्या कामात हलका म्हणजे डिस्कला कमीत कमी हात लावणारा, आणि एकदा तपासलेली फाइल बदलली नसेल तर पुन्हा न तपासणारा.

डिफेंडरच आहे, तरी कम्प्युटर गुदमरतो. ‘अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ सगळं खाऊन टाकतं. काय करू?

ते नाव डिफेंडरचंच आहे, घाबरू नका. बहुतेक वेळा त्याचं ठरलेलं स्कॅन नेमकं तुमच्या कामाच्या वेळी चालू झालेलं असतं. यंत्र दिवसाला एक-दोन तासच चालू राहत असेल तर राहून गेलेलं स्कॅन, विंडोजचे अपडेट आणि तुमचं काम तिन्ही एकाच वेळी अंगावर येतात.

यावर पहिला उपाय फुकट आहे. आठवड्यातून एकदा दुपारी जेवायला उठताना कम्प्युटर बंद न करता तसाच चालू ठेवा, चार्जर लावून, तासाभरासाठी. स्लीपमध्ये जाऊ देऊ नका. साठलेली कामं तो तेवढ्यात उरकून घेतो. वेळ ठरवूनच द्यायची असेल तर टास्क शेड्युलर उघडा, मायक्रोसॉफ्ट, मग विंडोज, मग विंडोज डिफेंडर असं आत जा. तिथे शेड्युल्ड स्कॅन नावाची नोंद आहे. तिला तुमच्या सोयीचा वार आणि वेळ द्या.

एखादं फोल्डर तपासणीतून वगळायची सोयही आहे, तिला एक्सक्लुजन म्हणतात. टॅलीच्या डेटाचं फोल्डर किंवा रोज शेकडो पानं उघडणारं डीटीपीचं फोल्डर तिथे घातलं तर कामाला वेग येतो. पण जपून. स्वतः तयार केलेल्या कामाचं फोल्डर तेवढंच घाला. डाउनलोड्स, डेस्कटॉप, पेन ड्राइव्ह आणि अख्खा सी ड्राइव्ह कधीही वगळू नका. सगळा सी ड्राइव्ह वगळून ‘आता कसा पळतोय बघा’ म्हणून गिऱ्हाइकाला परत दिलेली यंत्रं माझ्याकडे आलेली आहेत. अशा यंत्रात अँटिव्हायरस चालू दिसतो, पण पाहत काहीच नाही.

दोन अँटिव्हायरस ठेवले तर जास्त सुरक्षित नाही का?

उलट होतं. दोघेही प्रत्येक फाइलच्या वाटेत उभे राहतात. एकाने उघडलेली फाइल दुसरा तपासायला घेतो, दुसऱ्याने उघडलेली पहिला. कधी एकमेकांच्या व्हायरस-यादीलाच व्हायरस समजतात.

मागच्या पावसाळ्यात एक निवृत्त मुख्याध्यापक लॅपटॉप घेऊन आले. ‘चालू करतो आणि चहा पिऊन येतो, तरी हे गोल गोल फिरतच असतं,’ म्हणाले. आत बघितलं तर लॅपटॉपसोबतच आलेला, केव्हाच मुदत संपलेला चाचणीचा अँटिव्हायरस तसाच बसून होता. त्यावर पुतण्याने टाकलेला मोफत अँटिव्हायरस होता, आणि त्याच्याही वर ‘कम्प्युटर साफ करतो’ म्हणणारं आणखी एक सॉफ्टवेअर. तिघांनाही काढलं, डिफेंडर जागा झाला, विंडोजचे राहिलेले अपडेट पूर्ण केले. दुसरं काहीच केलं नाही. सर दुसऱ्या दिवशी आले तेव्हा समोर चालू करून दाखवला, आणि पहिल्यांदा त्यांनी विचारलं की यात नवीन काय बसवलंत.

वेगळा अँटिव्हायरस टाकला की डिफेंडर आपणहून बाजूला होतो, म्हणजे त्याची नि याची टक्कर होत नाही. गोंधळ होतो बाहेरचे दोन टाकले की. आणि जुना काढताना कंट्रोल पॅनलमधून काढून भागत नाही. बहुतेक कंपन्यांच्या साइटवर स्वतःचं असं वेगळं रिमूव्हल टूल असतं, ते चालवा. नाहीतर त्याचे अवशेष मागे राहतात आणि विंडोजला वाटतं की अजून कोणीतरी पहाऱ्यावर आहे.

तरीही वेगळा मोफतच हवा असेल तर?

बिटडिफेंडरची मोफत आवृत्ती मला बरी वाटते. कटकट कमी करते, सेटिंग फारसं नाही. खातं मात्र उघडावं लागतं. कॅस्परस्कीची मोफत आवृत्ती चाचण्यांमध्ये सातत्याने चांगली ठरते. पण अमेरिकन सरकारने २०२४ मध्ये तिथे या कंपनीच्या सॉफ्टवेअरच्या विक्रीवर बंदी घातली, कारण कंपनी रशियन आहे. घरच्या कम्प्युटरसाठी काय ते तुम्ही ठरवा. मी सरकारी किंवा संस्थेच्या कामाच्या यंत्रावर टाकत नाही. पांडाची मोफत आवृत्ती तपासणीचं बरंच काम स्वतःच्या सर्व्हरवर ढकलते, त्यामुळे यंत्रावर भार कमी. नेट नसेल तेव्हा मात्र हात बांधलेले.

अव्हास्ट, एव्हीजी आणि अविरा ही तीन नावं वेगळी वाटतात, पण आज तिन्ही एकाच घरची आहेत. अव्हास्टने २०१६ मध्ये एव्हीजी घेतली, नॉर्टनने अविरा घेतली आणि २०२२ मध्ये नॉर्टन व अव्हास्ट एकत्र आल्या. त्या कंपनीचं नाव जेन डिजिटल. तिघांपैकी कुठला चांगला यावर वाद घालण्यात अर्थ नाही. व्हायरस पकडण्यात तिन्ही चांगले आहेत, पण ‘तुमच्या कम्प्युटरमध्ये अमुक अडचणी सापडल्या, दुरुस्तीसाठी पैसे भरा’ अशा खिडक्या उघडत राहतात. घरात वयस्कर माणूस यंत्र वापरत असेल तर त्या खिडक्यांनीच तो बावरतो.

कोणताही घ्या, कंपनीच्या स्वतःच्या साइटवरूनच उतरवा. गुगलमध्ये वर येणाऱ्या जाहिरातीतल्या हिरव्या ‘डाउनलोड’ बटणावरून नको. इन्स्टॉल करताना प्रत्येक पडदा वाचा. ब्राउझर बदलू का, अमुक टूल टाकू का, अशा खुणा आधीच केलेल्या असतात, त्या काढा.

मोफत देतात, मग कंपनीला परवडतं कसं?

बहुतेकांना विकतच्या आवृत्तीकडे तुम्हाला न्यायचं असतं, आणि त्यात वावगं काही नाही. पण दुसरी बाजूही घडून गेली आहे. अव्हास्टची जंपशॉट नावाची उपकंपनी ग्राहकांनी कोणत्या साइट पाहिल्या याची माहिती विकत होती. २०२० मध्ये हे उघडकीस आल्यावर जंपशॉट बंद केली गेली, आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अव्हास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. राखणीला ठेवलेल्याने घरातल्या गोष्टी बाहेर सांगाव्यात, याचा मला मनापासून राग येतो. म्हणून मोफत अँटिव्हायरस टाकल्यावर पहिलं काम हे करा: सेटिंगमध्ये प्रायव्हसी किंवा डेटा शेअरिंगचा भाग शोधा आणि बंद करता येईल ते सगळं बंद करा.

आपल्या पुण्याचा क्विक हील मोफत मिळतो का?

कायमचा मोफत नाही, ठराविक दिवस चाचणीसाठी मिळतो. साताऱ्याकडच्या कैलाश आणि संजय काटकर या भावांनी पुण्यात दुरुस्तीच्या दुकानापासून सुरुवात करून ही कंपनी उभी केली, त्याचा मला अभिमान आहे. पैसे भरून घ्यायचा असेल, मराठीतून बोलणारा माणूस मदतीला हवा असेल, तर जरूर घ्या. पण ४ जीबी आणि फिरती डिस्क असलेल्या यंत्रावर आधी चाचणी आवृत्ती दोन आठवडे चालवून बघा, मगच पैसे भरा.

मोफत हवं असेल तर बऱ्याच जणांना माहीत नसलेली एक जागा सांगतो. भारत सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र २०१७ पासून चालू आहे. सर्ट-इन ही सरकारचीच सायबर सुरक्षा संस्था ते चालवते. त्यांच्या साइटवर व्हायरस काढायची टूल मोफत मिळतात, आणि सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने बनवलेलं ‘यूएसबी प्रतिरोध’ नावाचं एक साधनही आहे. ते बसवलं की कोणती पेन ड्राइव्ह यंत्रात चालेल हे तुम्ही ठरवता. शाळेच्या लॅबला फार उपयोगाचं. ही टूल म्हणजे रोजचा पहारेकरी नव्हेत, सफाईला बोलावलेला माणूस.

विंडोज ७ आहे. बदलायचं नाही. कोणता टाकू?

विंडोज ७ चा पाठिंबा १४ जानेवारी २०२० ला संपला. तेव्हापासून विंडोजमध्ये सापडलेली भोकं घरगुती कम्प्युटरवर बुजवली गेलेली नाहीत. अँटिव्हायरस दारावर उभा असतो. भिंतीला पडलेलं भगदाड तो बुजवू शकत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली बंद करून खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला तेव्हा बळी पडलेली बहुतेक यंत्रं विंडोज ७ ची होती. त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, मार्चमध्ये दिली होती. फक्त ती टाकलेली नव्हती.

विंडोज ७ मधला डिफेंडर पूर्ण अँटिव्हायरस नाही, हेही लक्षात ठेवा. बाहेरचाच लागतो, आणि अनेक कंपन्यांनी ७ ला सोडलंय. डाउनलोड करण्याआधी ‘सिस्टिम रिक्वायरमेंट्स’ वाचा. एक अडचण हमखास येते: नव्याने टाकलेल्या ७ वर अँटिव्हायरस इन्स्टॉलच होत नाही, काहीतरी सिग्नेचरची चूक दाखवतो. कारण असं की नवीन सॉफ्टवेअरवर एसएचए-२ पद्धतीची सही असते आणि जुन्या ७ ला ती वाचता येत नाही. सर्व्हिस पॅक १ आणि २०१९ चं एसएचए-२ अपडेट आधी टाका, मग होतं.

ब्राउझरचंही तसंच. विंडोज ७ वर क्रोम १०९ व्या आवृत्तीला थांबलं, फायरफॉक्स ११५ ला. म्हणून ७ च्या यंत्रावर बँक, यूपीआय, आयकर यांपैकी काही नको. हिशेब, टायपिंग, प्रिंट यासाठी खुशाल वापरा.

आणि एक्सपी?

नेटची वायर काढा. एक्सपीचा पाठिंबा ८ एप्रिल २०१४ ला संपला. त्यासाठी आज शोधावा असा अँटिव्हायरस नाही. जुनं डीटीपी किंवा जुनं मशीन चालवायला हवंच असेल तर नेटशिवाय ठेवा, आणि पेन ड्राइव्ह आधी दुसऱ्या नव्या यंत्रावर तपासूनच त्यात लावा.

विंडोज १० चाही पाठिंबा संपला ना? मग डिफेंडरचं काय?

१४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट जाहीर केले. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नाव नोंदवायचं, मायक्रोसॉफ्ट खात्याने आत जायचं आणि सेटिंगचा बॅकअप चालू केला तर पैसे पडत नाहीत. नोंदणी केली नसेल तर ती आधी करा, अँटिव्हायरसचा विचार नंतर. डिफेंडरची व्हायरस-यादी विंडोज १० वर ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहील असं कंपनीने सांगितलंय. पण वर म्हटलं तसं, यादी ताजी असणं वेगळं आणि भिंत धड असणं वेगळं.

झेरॉक्सच्या दुकानातून आल्यापासून पेन ड्राइव्हमधली सगळी फोल्डर शॉर्टकट झाली. अँटिव्हायरसने डेटा उडवला का?

उडाला नाही, लपलाय. पेन ड्राइव्ह फॉरमॅट करू नका! या एका चुकीने लोकांचे प्रकल्प, दाखल्यांचे स्कॅन, लग्नाचे फोटो गेलेले मी पाहिलेत.

होतं असं. दुकानातल्या यंत्रातला व्हायरस तुमची खरी फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचे शॉर्टकट बनवून ठेवतो. चित्र फोल्डरचंच, फक्त डाव्या कोपऱ्यात छोटा वाकडा बाण. तुम्ही ‘दहावी निकाल’ वर डबल क्लिक करता, फोल्डर उघडतंही, पण त्याआधी व्हायरस तुमच्या कम्प्युटरमध्ये शिरलेला असतो. मग तुमचा कम्प्युटर पुढच्या पेन ड्राइव्हला तेच करतो.

त्या शॉर्टकटवर क्लिक न करता डिफेंडरने अख्खा पेन ड्राइव्ह तपासा. पेन ड्राइव्हच्या नावावर उजवं बटण दाबलं की स्कॅनचा पर्याय येतो. मग फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू पर्यायांत जाऊन लपवलेल्या फाइली दाखवायला सांगा, आणि त्याच यादीत ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स’ ची खूण काढा. हे दुसरं बहुतेकांचं राहून जातं, मग ‘दाखवायला सांगितलं तरी दिसत नाही’ म्हणतात. फिकट रंगात तुमची खरी फोल्डर दिसतील. कधी ती सगळी नाव नसलेल्या एका फोल्डरमध्ये कोंबलेली असतात. ती कम्प्युटरवर कॉपी करून घ्या, उघडून खात्री करा, आणि मगच पेन ड्राइव्ह फॉरमॅट करा. काम झालं की ती खूण परत लावा.

पुढच्या वेळी प्रिंटसाठी पीडीएफ मेलवर पाठवा. पेन ड्राइव्ह न्यावाच लागला तर त्यात तेवढी एकच फाइल न्या.

कोपऱ्यात सारखं येतं, ‘तुमच्या कम्प्युटरमध्ये ५ व्हायरस आहेत’. अँटिव्हायरसला काही सापडत नाही.

सापडणार नाही, कारण तो व्हायरस नाही. कधीतरी एखाद्या साइटने ‘नोटिफिकेशन दाखवू का’ विचारलं आणि ‘अलाउ’ दाबलं गेलं. क्रिकेटचा स्कोअर, सिनेमा आणि परीक्षेच्या निकालाच्या साइटवर हे फार होतं. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स, आणि अनोळखी नावं सगळी काढा. पाच मिनिटांचं काम आहे.

खिडकीत फोन नंबर दिसला तर लावू नका. पलीकडचा माणूस ‘मी कंपनीतून बोलतो’ म्हणत तुमच्या यंत्राचा ताबा मागतो. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा. जितका लवकर, तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.

ब्राउझरमध्ये जाहिराती अडवणारा यूब्लॉक ओरिजिन टाका, तोही मोफत आहे. क्रोममध्ये त्याची लाइट आवृत्ती चालते, फायरफॉक्समध्ये पूर्ण. जाहिरातीच न उतरल्यामुळे जुन्या यंत्रावर पानंही लवकर उघडतात.

दुकानात, संस्थेत मोफत अँटिव्हायरस चालतो का?

बहुतेक बाहेरच्या मोफत आवृत्त्या फक्त घरगुती वापरासाठी असतात, परवान्यात तसं लिहिलेलं असतं. पतसंस्था, सीए, ग्रामपंचायत यांनी एकतर विकतचा घ्यावा किंवा अधिकृत विंडोजमधला डिफेंडर वापरावा.

विंडोज फुकटात चालू करून देणारा ॲक्टिव्हेटर चालवताना ‘अँटिव्हायरस बंद करा’ सांगतात. करू का?

नको. दार उघडं टाकून दिवे घालवा असं सांगणारा माणूस घरात कशाला घ्यायचा? क्रॅक केलेला अँटिव्हायरस तर मुळीच नको.

नेट धड नाही, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालवतो. अपडेट कसे होणार?

हॉटस्पॉट विंडोजमध्ये ‘मीटर्ड’, म्हणजे मोजून डेटा मिळणारा, म्हणून नोंदवला असेल तर अपडेट अडून राहू शकतात. आठवड्यातून दोनदा विंडोज सिक्युरिटी उघडून व्हायरस आणि थ्रेट प्रोटेक्शनमध्ये हाताने ‘चेक फॉर अपडेट्स’ दाबा. नेटच नसेल तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवर डिफेंडरच्या यादीची पूर्ण फाइल मिळते. दुसऱ्या कम्प्युटरवर उतरवून पेन ड्राइव्हने आणा आणि डबल क्लिक करा. शंभर एमबीच्या वर असते, ३२ बिट आणि ६४ बिटची वेगळी.

जुनं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर डिफेंडर व्हायरस म्हणून उडवतो. ते खरंच व्हायरस आहे का?

असेलच असं नाही. ही सॉफ्टवेअर कीबोर्डवरची प्रत्येक कळ मधल्या मध्ये पकडून तिचं मराठी अक्षर करतात. पासवर्ड चोरणारे व्हायरसही कळ अशीच पकडतात. त्यात सॉफ्टवेअर जुनं, त्यावर डिजिटल सही नाही, म्हणून संशय येतो. कंपनीची मूळ सीडी असेल तर ‘प्रोटेक्शन हिस्ट्री’ त जाऊन परत आणा आणि ती एकच फाइल वगळा. कुणीतरी पेन ड्राइव्हवर दिलेली, डाँगल तोडलेली प्रत असेल तर डिफेंडरचं ऐका. शंका असेल तर व्हायरसटोटल या साइटवर ती प्रोग्रामची फाइल चढवा, अनेक अँटिव्हायरसचं मत एकदम कळतं. स्वतःची खाजगी कागदपत्रं मात्र तिथे चढवू नका, चढवलेल्या फाइली इतरांना मिळू शकतात. आणि जमेल तेव्हा युनिकोडवर या. विंडोजमध्ये मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड आधीच आहे.

अधूनमधून दुसऱ्याचं मत घ्यायचं असेल तर?

मालवेअरबाइट्सची मोफत आवृत्ती किंवा ईसेटचा ऑनलाइन स्कॅनर महिन्यातून एकदा चालवा. ते कायम पहाऱ्याला बसत नाहीत म्हणून डिफेंडरशी भांडत नाहीत. मालवेअरबाइट्स टाकल्यावर चाचणीची पूर्ण आवृत्ती चालू झाली असेल तर सेटिंगमध्ये ती बंद करा. व्हायरस चिवट असेल, काढला की परत येत असेल, तर डिफेंडरचं ‘ऑफलाइन स्कॅन’ वापरा. कम्प्युटर रीस्टार्ट होतो आणि विंडोज जागं होण्याआधीच तपासणी होते. पंधरा मिनिटं लागतात.

अँटिव्हायरस काम करतोय हे कसं तपासू?

आयकार नावाची ६८ अक्षरांची एक निरुपद्रवी चाचणी फाइल आहे. सगळे अँटिव्हायरस तिला मुद्दाम व्हायरस मानतात. तिच्या संस्थेच्या साइटवरून उतरवून बघा; उतरताक्षणी पकडली गेली पाहिजे.

विंडोजऐवजी लिनक्स टाकलं तर अँटिव्हायरस लागतच नाही ना?

घरगुती वापराला सहसा लागत नाही. ४ जीबीच्या यंत्रावर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती छान चालते, मराठी टायपिंगही होतं. ब्राउझिंग, मेल, व्हिडिओ, पत्रं लिहिणं एवढंच असेल तर मी हाच सल्ला देतो. टॅली, सरकारी पोर्टलवरची डिजिटल सही किंवा जुना प्रिंटर यात अडकाल तर मात्र थांबा, आधी पेन ड्राइव्हवरून चालवून बघा.

लिनक्सवरचा क्लॅमएव्ही हा मोफत अँटिव्हायरस हलका असतो असा समज आहे, तो चुकीचा. कायम चालू ठेवला तर तो एक जीबीपेक्षा जास्त रॅम घेतो. त्याच्याच विंडोजवरच्या भावंडात, क्लॅमविनमध्ये तर कायमचा पहाराच नाही, तुम्ही सांगाल तेव्हाच तपासतो. मोफत आणि हलका म्हणून त्याचं नाव सुचवतात, पण एकट्याच्या भरवशावर राहू नका.

हे सगळं करूनही हळूच चालतोय.

मग अँटिव्हायरसचा दोष नाही. फिरती डिस्क काढून २५६ जीबीची एसएसडी, म्हणजे आत काहीच न फिरणारी वेगवान डिस्क, टाका. कोणताही हलका अँटिव्हायरस जो फरक पाडू शकत नाही तो ती पहिल्या दिवशी पाडते. पैसे उरले तर रॅम ८ करा. विकतच्या अँटिव्हायरससाठी पैसे काढून ठेवणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगतो, आणि त्यात माझ्या दुकानाचा नफा फार नाही.

मी पुण्यात, किंवा परदेशात. आई-बाबांचा जुना कम्प्युटर गावी. दुरून काय करू?

पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा दोन तास काढा. बाबांसाठी ॲडमिनचे हक्क नसलेलं साधं खातं बनवा, ॲडमिनचा पासवर्ड तुमच्याकडे ठेवा. एवढ्याने नको ती बरीचशी सॉफ्टवेअर बसायचीच थांबतात. जुने अँटिव्हायरस काढा, डिफेंडर तपासा, यूब्लॉक टाका, ब्राउझरची नोटिफिकेशन बंद करा. महत्त्वाचे फोटो आणि कागद बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवा आणि डिस्क काढून कपाटात ठेवा. लावून ठेवलेली डिस्क खंडणी मागणारा व्हायरस आला तर तो तीही बंद करून टाकतो.

दुरून बघायला विंडोजमधलं क्विक असिस्ट पुरतं. तुम्ही कोड देता, ते टाकतात, त्यांचा पडदा तुम्हाला दिसतो. पण ठगही हेच वापरतात. म्हणून आई-बाबांशी एक ठरवून टाका: कोड फक्त तुम्हीच द्याल, तोही तुमच्या नेहमीच्या नंबरवरून फोन करून, आवाज ओळखल्यावर. दुसऱ्या कुणीही, बँकेचं नाव घेतलं तरी, कोड टाकायला सांगितलं तर फोन ठेवून तुम्हाला लावायचा. हे त्यांना मोठ्या अक्षरात कागदावर लिहून कम्प्युटरच्या पडद्याशेजारी चिकटवून या.